ऑलराउंडर टोळी बसवायची कृती

प्लंबर पाइप टाकून गेला, पण झिरी बुजवायला गवंडी नाही. गवंडी मिळाला तर वॉटरप्रूफिंगवाला गावाला. तो उगवेपर्यंत फरशीवाल्याने दुसरी साइट धरली. बाथरूम एवढंसं, त्याला माणसं लागतात पाच, आणि आत जाऊन बघावं तर कुणीच नाही! तुमच्या साइटवर हेच चाललं असेल तर या, टेबलाशी उभे राहा. दोन-दोन कामं येणाऱ्या माणसांची टोळी कशी उभी करायची आणि कामाला कशी लावायची, ते आपण बरोबरच करून बघू. अवघड काही नाही, फक्त क्रम मोडायचा नाही.

उदाहरणाला एक इमारत घेऊ. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार फ्लॅट, फ्लॅटमागे दोन बाथरूम. म्हणजे ३२ बाथरूम. आरसीसी आणि वीटकाम उरकलंय, फिनिशिंग सुरू व्हायचंय. तुम्ही छोटे ठेकेदार असा, साइट इंजिनिअर असा की सुपरवायझर, कृती तीच.

जवळ काय ठेवाल: टॉयलेटचं ड्रॉइंग, एक लांब वही, लाल आणि निळं स्केचपेन, हजेरीचं मस्टर, खालच्या मजल्यावर एक रिकामी भिंत, आणि एक दिवस सगळ्यांना पुरेल एवढा चहा.

आधी कागदावर

१. ड्रॉइंग पसरा आणि एकच बाथरूम निवडा. चौथ्या मजल्यावरचं घ्या. वरून खाली येत गेलात की तयार बाथरूमवर वरचा राडा पडत नाही, आणि गळती तपासायला खालचं छत उघडं मिळतं. एकदम ३२ बाथरूमचं प्लॅनिंग करायचा मोह होईल. आवरा.

२. त्या बाथरूममधली कामं ओळीने लिहा. घाई नको, एकेक आठवा. सनकनची साफसफाई, लेव्हलची खूण, भिंतीत झिरी, सीपीव्हीसी पाइप आणि डायव्हर्टर, प्रेशर टेस्ट, झिरी बुजवून प्लास्टर, सनकनला वॉटरप्रूफिंगचा पहिला हात, पाणी भरून ठेवणं, ड्रेनेजचे पाइप आणि नहाणी ट्रॅप, भराव, उताराचा कोबा, वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात, पुन्हा पाणी, खालची ओळ सोडून डाडो, फरशी, सोडलेली ओळ, ग्राउट, आणि शेवटी नळ, कमोड, बेसिन. तुमच्याकडे एखादं काम मागेपुढे होत असेल तर तुमचाच क्रम लिहा. मलबा खाली नेणं आणि टाइल्सच्या पेट्या वर चढवणं ही 'किरकोळ' कामंही लिहायची. टोळी अडून बसते ती बहुतेक वेळा याच दोघांपायी.

३. प्रत्येक कामासमोर हात चालण्याचा वेळ लिहा. म्हणजे माणूस प्रत्यक्ष काम करतो तेवढाच वेळ. झिरी मारायला अर्धा दिवस, पाइपला एक दिवस, असं. तुमच्या मनाने लिहू नका, ज्याचं काम त्यालाच विचारा.

४. दोन कामांच्या मधे जाणारा वेळ रंगाने दाखवा. प्लास्टर सुकतंय, पाणी भरून ठेवलंय, सॉल्व्हंट सिमेंट धरतंय, हे सगळं निळं. माणूस आला नाही म्हणून थांबलंय, ते लाल. निळा वेळ कुणाचा बाप कमी करू शकत नाही, आणि करूही नये. आपली सगळी कृती लाल वेळावर आहे. निळा कापून लवकर काम दाखवणारा मिस्त्री भेटला तर त्याला शाबासकी देऊ नका. ते बाथरूम पुढच्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या छतावर उतरतं.

५. टोळीला द्यायची नाहीत ती कामं यादीतून खोडा. विजेचं वायरिंग आणि गिझरचं कनेक्शन परवानाधारक वायरमनच करणार. प्लंबरला 'दोन वायरी जोडता येतात' म्हणून त्याला तिथे हात लावू द्यायचा नाही. उंचावरची परांची बांधणं, लिफ्ट-हॉइस्ट चालवणं, वेल्डिंग हीसुद्धा ज्याची त्याला. वायरमनने नळ्या टाकलेल्या भिंतीवर झिरी मारायची असेल तर नळ्यांची जागा आधी खडूने आखून घ्या.

६. शेजारशेजारच्या कामांच्या जोड्या लावा. वहीत एकाखाली एक लागून आलेली कामं एकाच माणसाकडे गेली की मधला लाल रंग जातो. आपल्या बाथरूममध्ये अशा जोड्या निघतात: प्लंबरला झिरी मारणं-बुजवणं आणि वॉटरप्रूफिंग, प्लास्टरच्या गवंड्याला डाडो आणि फरशी, हुशार हेल्परला ग्राउट आणि नळ-बेसिन बसवायला हाताखाली. स्लॅबच्या कामात सेंटरिंगवाला आणि सळई बांधणारा फिटर ही अशीच जोडी. एका माणसावर सुरुवातीला दुसरं एकच काम. तिसरं लादलंत की पहिलंही बिघडतं.

मग माणसं

७. चहाच्या सुट्टीत एकेकाला विचारा. मुकादमामार्फत निरोप धाडू नका. निरोप पोचेपर्यंत 'साहेब माणसं कमी करणार' एवढंच त्यातलं उरतं. आपण स्वतः जाऊन शेजारी बसायचं. 'मामा, प्लास्टर तर तुमचं बघतोच आहे, टाइल्स लावल्यात का कधी?' असं. मामा म्हणणार, 'लावल्यात की!' सगळे हेच म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. पोटासाठी माणूस हो म्हणतो. तुम्ही फक्त पुढचं विचारा: कुठे, किती मोठी टाइल, सिमेंटवर की अ‍ॅडेसिव्हवर? ज्याने खरंच लावल्यात तो लगेच तक्रारी सांगायला लागतो. मोठ्या टाइलला मधे फुगवटा असतो, अ‍ॅडेसिव्ह उन्हात लवकर ओढतं. तक्रार सांगणाऱ्याच्या नावापुढे खूण करा.

८. खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या भिंतीवर परीक्षा घ्या. एक मीटर रुंद, एक मीटर उंच तुकडा आखून द्या. गवंड्याला त्यावर टाइल्स लावायला सांगा. प्लंबरला झिरी मारून, पाइपाचा तुकडा बसवून, झिरी बुजवायला सांगा. या दिवसाची हजेरी पूर्ण द्या. फुकट परीक्षा घेतलीत तर चांगला माणूस पहिल्याच दिवशी हातचा जाईल.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा तपासा. ओळंबा सोडा, गुण्या लावा, मग थापीच्या लाकडी मुठीने प्रत्येक टाइलवर हलकेच ठोका. कोपऱ्यांवर आधी, मधे नंतर. चिकटलेली टाइल टणक वाजते, आतून पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. बहुतेकांच्या मधल्या टाइल्स ठणठणीत असतात आणि कोपरे बद्द, कारण गठ्ठाभर माल मधे ठेवून टाइल दाबलेली असते. ते लगेच त्याच्याच हातात थापी देऊन त्याच्याच कानाने ऐकवा. शिकवणीचा पहिला धडा इथेच झाला. बुजवलेल्या झिरीवर पाणी शिंपडून कडेने केसाएवढी भेग दिसते का तेही बघा. नापास माणसाला सगळ्यांसमोर नापास म्हणायचं नाही.

१०. ऑफिसच्या भिंतीवर कौशल्याचा तक्ता लावा. डावीकडे नावं, वर कामं. चौकटीत चार पायऱ्या: कोरी म्हणजे येत नाही, एक रेघ म्हणजे हाताखाली चालेल, दोन म्हणजे एकटा करेल, तीन म्हणजे दुसऱ्याला शिकवेल. तक्ता बघितल्याबरोबर कुठलं काम एकाच माणसावर लटकलंय ते कळतं. रेघ वाढवायची ती काम तपासूनच. ओळखीवर वाढवलेली रेघ सगळ्या टोळीला दिसते.

११. दुसऱ्या कामाचे पैसे ठरवा. ही पायरी आहे सगळ्यात नाजूक, तेव्हा इथे खुर्ची ओढून बसा.

हजेरीवरच्या माणसाचं सोपं आहे. दुसऱ्या कामात दोन रेघा आल्या की रोजाची हजेरी ठरावीक रकमेने वाढणार, आणि ती रोज मिळणार, त्या दिवशी ते काम असो वा नसो. सरकारच्या किमान वेतनात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग असतात. तुमच्या भागाचं चालू दरपत्रक काढा आणि त्याच्या खाली कुणाचीही हजेरी जाऊ देऊ नका. मिस्त्रीला अर्धा दिवस पेट्या उचलायला लावलं म्हणून त्या अर्ध्या दिवसाचा दर बिगाऱ्याचा लावायचा, हा हिशेब तर मनातही आणू नका. एकदा असं केलंत की 'मला दुसरं काम येत नाही' हे उत्तर सगळे पाठ करतात.

उक्त्यावरच्या माणसाचं मात्र कोडं आहे. फरशीवाला चौरस फुटावर, प्लंबर पॉइंटवर पैसे मोजतो. फरशीवाल्याला तुम्ही दोन तास वॉटरप्रूफिंगला ओढलंत तर त्याचे तेवढे फूट बुडाले. तो तोंडाने हो म्हणेल आणि पायाने पळेल. म्हणून इथे फूट आणि पॉइंट दोन्ही सोडा आणि पूर्ण बाथरूमचा एकच उक्ता दर टोळीशी ठरवा. डाडोचे फूट, फरशीचे फूट, पॉइंट, वॉटरप्रूफिंग, सगळ्यांचे चालू दर मांडून बेरीज करा. जो लाल वेळ वाचणार आहे त्यातला वाटा वर घाला. मग पैसे तीन टप्प्यांत पाडा: पाइपची टेस्ट पास झाली की एक, फरशी तपासून झाली की दुसरा, नळ सुरू झाले की तिसरा. बेरीज करून वर दर पाडायला बसलात तर कृती इथेच संपली समजा.

१२. ठरलेले पैसे कागदावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. टोळीत हिंदी किंवा कानडी बोलणारे असतील तर त्यांच्यातल्याच एकाकडून त्यांच्या भाषेत वाचून घ्या. 'नंतर बघू' हे दोन शब्द त्या कागदावर आणि तुमच्या तोंडात येता कामा नयेत.

१३. गळतीची जबाबदारी एकाच्या नावावर टाका. आजवर प्लंबर गवंड्याकडे बोट दाखवत होता आणि गवंडी वॉटरप्रूफिंगवाल्याकडे. आता बाथरूम टोळीचं, आणि टोळीचा एक म्होरक्या. माणसं वेगवेगळ्या ठेकेदारांची असतील तर त्या ठेकेदारांना याच टेबलाशी बोलवा आणि आधी त्यांचं आपसात मिटवा. ते न मिटवता माणसं एकत्र केलीत तर भांडण चौथ्या मजल्यावर होतं.

१४. कागदपत्रं बघा. वय १८ पूर्ण नसलेला कुणीही साइटवर नको, मग तो कुणाचा भाचा का असेना. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते. ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागितला की तो अडवून धरू नका.

आता नमुना बाथरूम

१५. टोळीची हत्यारं एका पेटीत भरा. ओळंबा, गुण्या, लेव्हल ट्यूब, थापी, रंधा, दातेरी थापी, रबरी हातोडा, टाइल कटर, सीपीव्हीसी कटर, प्रेशर गेज, ब्रश, बादली, स्पेसर, गॉगल, मास्क, हातमोजे. दोन कामं येणाऱ्या माणसाकडे हत्यारं एकाच कामाची असतील तर तो एकाच कामाचा माणूस. ग्राइंडर आणि कटर ज्या बोर्डावर लावाल त्याला ३० मिलीअँपियरचं आरसीसीबी आहे ना, ते वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या बाथरूममध्ये त्याशिवाय मशीन लावू देऊ नका.

१६. लेव्हलची खूण चारही भिंतींवर मारून घ्या. तयार फरशीच्या वर एक मीटर, लेव्हल ट्यूबने. यापुढे प्लंबर, गवंडी, फरशीवाला सगळे याच रेघेवरून माप घेणार. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर रेघ खोटी निघते, तेवढं बघा.

१७. डायव्हर्टर बसवताना प्लंबर आणि गवंडी दोघांना एकत्र उभं करा. टोळी कशासाठी बनवली ते इथे दिसतं. भिंतीत लपणाऱ्या डायव्हर्टरवर प्लॅस्टिकचं टोपण असतं आणि त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मधे आला पाहिजे. नुसता प्लंबर असेल तर तो विटेवरून माप घेऊन मोकळा होतो. टोळीतला प्लंबर मात्र आधी बेरीज करतो: प्लास्टर १५ मिलिमीटर, अ‍ॅडेसिव्ह ४-५, टाइल ८-१०. मग तेवढा तो पुढे काढून बसवतो. प्लास्टरचा जाड थर मारायची सवय असलेला गवंडी शेजारी उभा असला की 'इथे माझे २० जातात बरं का' हे तो तेव्हाच सांगतो, टाइल्स लागल्यावर नाही. डायव्हर्टर आत गेला तर वरची प्लेट बसत नाही, बाहेर राहिला तर प्लेट भिंतीला टेकत नाही. दोन्हीचा उपाय एकच, टाइल फोडणं.

१८. पाइपची प्रेशर टेस्ट घ्या. सॉल्व्हंट सिमेंटच्या डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा जाऊ द्या. लाइन सावकाश भरा, सगळ्यात वरच्या टोकातून हवा काढा, मग पंपाने दाब रोजच्या दाबाच्या दीडपट करा आणि गेजचा काटा खडूने भिंतीवर लिहून ठेवा. सीपीव्हीसीची टेस्ट कॉम्प्रेसरच्या हवेने कधीच घ्यायची नाही, पाइप फुटून तुकडे उडतात. आणि काटा वाचायचा तो ज्याने पाइप टाकले त्याने नाही, जोडीतल्या दुसऱ्याने.

१९. झिरी बुजवा. प्लंबरनेच, त्याच दिवशी. टेस्टचं पाणी लाइनमध्ये तसंच ठेवा, म्हणजे कुणी खिळा मारला तर लगेच कळेल.

२०. सनकनला वॉटरप्रूफिंगचा पहिला हात द्या. आधी कोपऱ्यांत गोलाई, पाइप स्लॅबमधून जातो तिथली भोकं बंद, मग ब्रश. पोत्यावर किंवा डब्यावर दोन थरांमधला वेळ लिहिलेला असतो, तो पाळा. नवशिक्याचा ब्रश मधे फिरतो आणि कोपरा कोरडा सोडतो. टॉर्च तिरका धरून बघा.

२१. पाणी भरून ४८ तास सोडा. भरल्याबरोबर भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा, खालच्या मजल्यावर जाऊन छताचा फोटो घ्या. ४८ तासांनी दोन्हीकडे पुन्हा बघा. पाणी थोडं उडून जातंच, पण छतावर डाग आला तर तो डाग आहे. 'दमट हवा आहे साहेब' चालणार नाही.

२२. नहाणी ट्रॅपची जागा टाइल्स मांडून ठरवा. फरशीच्या टाइल्स कोरड्याच मांडा, ट्रॅप टाइलच्या कोपऱ्यावर किंवा बरोबर मधे येईल असा सरकवा, मग ड्रेनेजचे पाइप पक्के करा. ट्रॅप आधी आणि टाइल्सचा विचार नंतर झाला तर जाळीभोवती चिंध्या कापाव्या लागतात.

२३. भराव आणि उताराचा कोबा करून घ्या. उतार ट्रॅपकडे, मीटरला सुमारे एक सेंटिमीटर. कोबा धरल्यावर त्यावर बादलीभर पाणी ओता आणि गंमत बघा. ते सरळ ट्रॅपला गेलं पाहिजे. दारापाशी किंवा कमोडच्या मागे साचलं तर कोबा आताच दुरुस्त करा, फरशीच्या मालाने उतार काढू म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

२४. दुसरा हात आणि पुन्हा ४८ तास पाणी. पायरी २०, २१ सारखंच. एकदा झालंय म्हणून दुसऱ्यांदा सोडायचं नाही.

२५. डाडो लावा, खालची एक ओळ सोडून. मग फरशी, मग ती ओळ. असं केलं की भिंतीची टाइल फरशीवर टेकते आणि सांधा झाकला जातो. टाइल कापताना कटरवर पाणी चालू, नाकावर मास्क. ती पांढरी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

२६. फरशी-डाडोवर मुठीने ठोकून बघा. बद्द वाजणाऱ्या टाइलवर खडूची फुली मारा आणि आजच काढायला लावा. ग्राउट भरल्यावर कुणाचाच हात वळत नाही.

२७. ग्राउट भरा आणि नळ, कमोड, बेसिन बसवा. हेल्परला पहिल्या वेळी फक्त बघू द्या, दुसऱ्या वेळी मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर करू द्या, तिसऱ्या वेळी एकटा सोडा. हीच रीत बाकीच्या सगळ्या कामांना. क्रोमच्या नळावर उघडा पाना लावू देऊ नका, मधे कापड घ्या.

२८. वही काढा आणि नमुन्याचा लाल वेळ मोजा. पायरी ४ मधल्या लाल रेघांपैकी किती उरल्या ते बघा. उरली असेल ती बहुतेक मालाची निघेल, माणसांची नाही. टाइल्स आल्या नाहीत, डायव्हर्टर गोडाऊनमध्ये राहिला. त्याला टोळी काय करणार? ती तुमची शिकवणी.

शेवटी साखळी

२९. उभ्या ओळीने बाथरूम उघडा. आपल्या इमारतीत एकाखाली एक चार बाथरूमच्या आठ ओळी आहेत. एका टोळीला एक ओळ. चौथ्या मजल्यावर पाणी भरलंय तोवर टोळी तिसऱ्यावर झिरी मारते, तिसऱ्यावर प्लास्टर सुकतंय तोवर दुसऱ्यावर लेव्हल. निळा वेळ असा वापरायचा. पाणी भरलेल्या बाथरूमच्या बरोबर खालचं छत मात्र तपासून होईपर्यंत प्लास्टरशिवाय ठेवा. एका टोळीची तीन किंवा चार बाथरूम उघडी, त्याहून जास्त नाही. दहा उघडलीत तर दहाही अर्धवट राहतात आणि कुठली टेस्ट झाली ते कुणालाच आठवत नाही.

३०. प्रत्येक दारावर कागद चिकटवा. त्यावर चार ओळी: प्रेशर, पहिलं पाणी, दुसरं पाणी, ठोकून तपासणी. झालं की तारीख आणि सही. सही नसेल तर पुढचं काम बंद, म्होरक्याने सांगितलं तरी, मालकाने सांगितलं तरी.

३१. सकाळी दहा मिनिटांत त्या दिवसाची वाटणी करा. कोण कुठल्या बाथरूममध्ये, कुठलं काम, दुपारनंतर कुठलं. एका माणसाला दिवसात दोनच कामं. अकरा वाजता गाडी आली म्हणून मिस्त्रीला सिमेंट उतरवायला आणि तीन वाजता गेट सांभाळायला पाठवायचं असेल तर ही सगळी मेहनत घेऊच नका. दोन कामं येणारा माणूस म्हणजे रिकामी जागा भरायचा माणूस नव्हे, आणि हे त्याच्याआधी तुमच्या सुपरवायझरला कळायला हवं.

३२. काम बदललं की हातातलं साहित्य बदलून घ्या. झिरीला गॉगल-मास्क, वॉटरप्रूफिंगला हातमोजे, अ‍ॅडेसिव्हला पुन्हा हातमोजे. सकाळपासून प्लास्टर करणारा दुपारी ग्राइंडर उचलतो तेव्हा गॉगल पेटीतच राहतो. तेवढ्या क्षणी तिथे कुणीतरी बघणारं हवं.

३३. दर आठवड्याला तक्त्यावर 'एकटा' माणूस शोधा. दोन रेघांचा माणूस एखाद्या कामात एकच असेल तर त्याच आठवड्यात त्याच्या हाताखाली दुसरा द्या. जूनमध्ये पाऊस पडला की मराठवाड्यातली माणसं पेरणीला जाणार, दिवाळीनंतर छठला बिहारची जाणार, होळीला उत्तर प्रदेशची. जातील आणि जावंच. तुम्ही तारखा आधी विचारून वहीत लिहून ठेवा. उचल अडकवून माणूस अडवायला गेलात तर तो परत यायचा नाही.

३४. ठरलेल्या वारी पैसे द्या. वाढीव रक्कम वेगळी मोजून हातात किंवा खात्यात, मस्टरवर वेगळ्या रकान्यात. दोन पगारवार चुकले तर टोळी फुटते. त्यावर दुसरी कृती नाही.

३५. काम संपल्यावर प्रत्येकाला दाखला लिहून द्या. लेटरहेडवर, त्याच्या नावाने, कुठली दोन कामं तो एकटा करतो ते स्पष्ट लिहून, सही-शिक्क्यासह. जमलं तर कौशल्य विकास योजनेतल्या आरपीएलच्या परीक्षेला बसवा. आधीपासून येत असलेल्या कामाचं सरकारी प्रमाणपत्र त्यातून मिळतं. दाखला दिला तर माणूस दुसरीकडे जाईल, ही भीती बाळगू नका. ज्याला दोन कामं येतात तो कुठेही जाऊ शकतोच. पुढच्या इमारतीच्या वेळी त्याला पहिला फोन तुमचा जाऊ द्या, आणि फोनवर आधी दर सांगा, मग काम.